दोन तास पस्तीस मिनिटं

११ जुलै, गुरुवार. संध्याकाळी ७
दाढ गेली. वरची, डावी, शेवटची. डॉ. क्विस्टने काढली. हा माणूस गेल्या वर्षी मिनेसोटाहून इकडे बटनवुडला आला. हात हलका आहे, पण मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही. नवी कोरी पांढरी बोट घेतलीय आणि भर दुपारी, पाणी जागचं हलत नसताना, धक्क्याच्या खांबांपाशी गळ टाकून बसतो. कीव आली.

इंजेक्शन चढेपर्यंतच्या दहा मिनिटांत त्याला पाण्याचं शास्त्र समजावलं. स्नूक हा मासा भरती-ओहोटीवर जगतो. ओहोटी लागली की खारफुटीच्या मुळांतली कोळंबी, बारकी बोयटं पाण्याबरोबर बाहेर येतात. स्नूक खाडीच्या तोंडाशी प्रवाहाकडे नाक करून उभा राहतो, टोलनाक्यावरच्या माणसासारखा. पाणी चालतं तोवर तो खातो. पाणी थांबलं की दुकान बंद.

माझी आणि दोस्त ऑरिनची जी जागा आहे, तिचं नाव अर्थातच घेतलं नाही. तेवढी अक्कल आहे. वाकडा खांब, त्यावर ऑस्प्रेचं घरटं, त्याच्या मागची चिंचोळी खाडी, एवढंच म्हणालो. त्यातही अर्धं तोंड बधिर. त्याला कळेना म्हणून त्याने माझ्या गळ्यातला कागदी रुमाल पुढे केला. त्यावर दोन-चार रेघा काढून दाखवल्या. त्याला नकाशा म्हणता येणार नाही. उत्तर दिशा दाखवली नव्हती.

आत्ता ऑरिनचा फोन. उद्या साडेसात, म्हणाला. तोंडात बोळा होता तरी मी 'हं' म्हणालो. सव्वीस वर्षं हे असंच चालू आहे. तो वेळ सुचवतो, निर्णय माझा.

१२ जुलै, शुक्रवार
तीन स्नूक. तिन्ही सोडून दिले, ३१ ऑगस्टपर्यंत घरी न्यायला बंदी. ऑरिनची बोट, पुढचा बाक माझा, बाकावर माझ्या बायकोने, लुरीनने शिवलेली निळ्या चौकड्यांची गादी. वाकड्या खांबामागे पोचलो आणि पाच मिनिटांत पाणी फिरलं. ऑरिनला म्हणालो, बघ, मला नाकाने कळतं. त्याने गळाला दुसरी कोळंबी लावली. कौतुक करणं त्याच्या स्वभावातच नाही. सगळा जन्म लोकांचे एसी दुरुस्त करण्यात गेला.

मी सत्तावीस वर्षं ड्रायव्हिंग लायसनच्या परीक्षा घेतल्या. निम्म्या गावाला एकदा तरी नापास केलंय. माणूस बघितला की माझ्या डोक्यात आपोआप गुण पडतात. ऑरिन टिबेट्स: दहापैकी सहा. विश्वासू आहे म्हणून एक वाढवला. सात.

६ ऑगस्ट, मंगळवार
लिहिताना पेनने दोनदा कागद फाडला.

आज वाकड्या खांबामागे वळलो तर आमच्या जागेवर पांढरी बोट. क्विस्ट! अगदी बरोब्बर जागी. एक फूट इकडे नाही की तिकडे नाही. रॉड वाकलेला. आम्हाला बघून त्याने हात हलवला, वर टोपी काढली. मी टोपी काढली नाही.

ऑरिनने बोट गुपचूप मागे फिरवली. मी म्हणालो, याला कोणी सांगितलं? तर म्हणतो, "जाऊ दे ना वेंड्या. खाडी काय आपल्या बापाची आहे?"

सव्वीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा असं बोलला. खटकलं.

७ ऑगस्ट, बुधवार
झोप नाही. शांत डोक्याने विचार केला. ही जागा जगात दोघांनाच माहीत. त्यातला एक मी. उरला कोण? गणित तिसरीतलं आहे.

शिवाय पुरावा. २० जुलैला ऑरिन क्विस्टच्या दवाखान्यात एसी बघायला गेला होता. रिटायर झाला तरी गेला. दोन तास आत होता. एसीला दोन तास कशाला लागतात? लुरीन म्हणाली, एसीलाच लागतात. बायका मित्रत्वाच्या बाबतीत फार भोळ्या असतात.

लुरीनने विचारलं, तू स्वतः कुठे बोलला नाहीस ना? उत्तर द्यायची गरज वाटली नाही. उठून गराजमध्ये गेलो.

८ ऑगस्ट, गुरुवार
ऑरिनच्या घरी जाऊन तोंडावर बोललो. तो अंगणात पागाचं फाटलेलं जाळं विणत बसला होता. म्हणालो, आपली जागा तू फोडलीस. त्याने सुई खाली ठेवली.

"तुला तसं वाटतंय का?"

म्हणालो, वाटत नाही, खात्री आहे.

"बरं," म्हणाला, आणि सुई उचलली.

बरं! नाकारलं नाही. निर्दोष माणूस आकाशपाताळ एक करतो. मी नापास केलेली पोरंसुद्धा रडायची, ओरडायची, एकाने तर माझ्या गाडीवर बूट मारला होता. हा म्हणतो बरं.

निघताना त्याच्या बोटीतून माझी गादी उचलून आणली. बाकाच्या फळीवर तिचा फिकट चौकोन उमटलेला होता. सव्वीस वर्षं तिथे ऊन लागलं नव्हतं.

गुण: शून्य.

९ ऑगस्ट, शुक्रवार
ओपलच्या आमिषाच्या दुकानात सगळं गाव येतं. तिथल्या फळ्यावर चिठ्ठी लावली. मजकूर चारदा लिहून काढला. शेवटचा असा: 'ऑरिन टिबेट्सने मित्राची जागा परक्या माणसाला दिली. ज्यांना स्वतःच्या जागा प्याऱ्या आहेत त्यांनी काय ते समजावं. वेंडेल पर्व्हिस.' मोजकं आणि सभ्य.

लुरीन म्हणाली, लावू नकोस, वेंडेल.

बटनवुडात लोक चोरी विसरतात. कोणाची बायको कोणाबरोबर गेली तेही विसरतात. दुसऱ्याची जागा फोडणाऱ्याला विसरत नाहीत. त्याच्या बोटीत कोणी बसत नाही, त्याला आपल्या बोटीत कोणी घेत नाही. असं आयुष्यभर. मला वाईट वाटतं, पण नियम मी केलेला नाही.

१० ऑगस्ट, शनिवार
फोन वाजला नाही. साडेसात ते नऊ फोनजवळ बसलो होतो, पण ते वेगळ्या कारणाने.

संकल्प. १) ऑरिनचं नाव घ्यायचं नाही. २) शेडमागची बारा फुटी अॅल्युमिनियमची बोट बाहेर काढायची. ३) पहिल्या सप्टेंबरला बंदी उठते. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये गावजेवण. ज्याचा स्नूक हॉलवर सगळ्यात आधी पोचतो तो पाद्रीसाहेबांच्या शेजारी बसतो आणि जेवणाआधी उभा राहून सांगतो: पाणी कसं होतं, वारा कुठला, आमिष काय. सगळं सांगायचं, जागा सोडून. यंदा तिथे मी उभा राहणार. एकटा. पाणी कोणाला कळत होतं ते गावाला एकदाचं कळू दे.

बोटीत बेडकांचं बिऱ्हाड निघालं. त्यांना हलवलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार
पहिली एकट्याची फेरी.

ओपल दर वर्षी भरती-ओहोटीचं कॅलेंडर फुकट देते. आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेलं असतं. आजची पूर्ण भरती ७ वाजून १० मिनिटं. म्हणजे साडेसातला ओहोटी सुरू. साडेसातला खाडीच्या तोंडाशी हजर. पाणी आतच चाललंय! पानं, काड्या, फेस, सगळं उलट्या दिशेने. आठ वाजले, तरी आत. साडेआठ, तरी आत. मासे सगळे आत खारफुटीच्या मुळांत घुसलेले, तोंडाशी चिटपाखरू नाही. नऊ वाजता वैतागून निघालो.

वाटेत साडेनऊच्या सुमाराला ऑरिनची बोट समोरून आली. आरामात. इतक्या उशिरा! मी गेलो की नाही ते बघायला निघाला असणार. तोंड फिरवलं.

छापील कॅलेंडर चुकतं हे आज कळलं. ओपलला सांगितलं. ती म्हणाली, मागे बघितलंस का? मी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. बाई म्हातारी झाली.

१५ ऑगस्ट, गुरुवार. संध्याकाळी साडेआठ
डाव्या बाजूला झोपता येत नाही. उजव्यासुद्धा.

आज पौर्णिमा, उधाण. कॅलेंडरप्रमाणे पूर्ण ओहोटी ३ वाजून ५ मिनिटं. बेत असा: सव्वातीनला पोचायचं, तोपर्यंत पाणी चढू लागलेलं असणार, चढत्या पाण्यावर आत शिरायचं आणि मासे खोलात सापडले की काम फत्ते. सव्वातीनला खाडीत शिरलो. पाणी चढेना. पाणी उतरत होतं. चार वाजायच्या आत बोटीखालून पाणी निघून गेलं आणि बोट कालवांच्या बांधावर बसली. बसली ती बसलीच. खाली उतरावं तर गुडघ्यापर्यंत चिखल आणि सुऱ्यांसारखी कालवं. वर ऑगस्टचं ऊन. माश्या. प्यायचं पाणी आणलं नव्हतं, दोनच तास लागणार होते म्हणून.

क्विस्ट बाहेरून गेला. त्याने हात हलवला. मी बोटीचं निरीक्षण करतोय असं दाखवलं.

मग पाचच्या सुमाराला ऑरिन. खोल पाण्यात थांबला. पाण्याची बाटली दोरीला बांधून माझ्याकडे फेकली. दुसऱ्या फेकीत आली. मी आभार मानले नाहीत. बोट वळवता वळवता एवढंच म्हणाला, "अजून अडीच तास."

धमकी! चिखलात रुतलेल्या माणसाला धमकी देतो!

साडेसातला बोट तरंगली. योगायोग.

बाटली म्हणजे अपराधी मनाचं लक्षण, दुसरं काही नाही. पाणी थंड होतं. सगळं प्यायलो.

१७ ऑगस्ट, शनिवार
कातडं निघतंय. लुरीन पाठीला कोरफड लावते, पण लावताना तोंडाने काही नाही. विचारलं तर म्हणाली, बोलले तर तू ऐकणार आहेस का? म्हणालो, बोलून तर बघ. म्हणाली, ऑरिनला फोन कर. म्हणालो, दुसरं काही बोल.

पोस्टाने भरतीचं घड्याळ मागवलंय. कॅलेंडरवर विसंबणं संपलं. यंत्र गद्दारी करत नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार
घड्याळ आलं. पितळी, सुंदर. एकच काटा, वर 'भरती', खाली 'ओहोटी'. दिवाणखान्यात लावलं. लुरीन म्हणाली, हे अटलांटिकच्या किनाऱ्यावर चालतं, तिकडे पाणी रोज वेळेवर दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. आपल्या आखातात कधी दोनदा, कधी एकदाच, पाण्याच्या मर्जीप्रमाणे. तिला म्हणालो, यंत्राला मर्जी कळत नाही, म्हणूनच ते बरं.

२४ ऑगस्ट, शनिवार
भांगाचं पाणी. चढलंय की उतरलंय ते कळतच नाही. घड्याळ म्हणतं पूर्ण ओहोटी, धक्क्यावर पायाला पाणी लागतंय. घड्याळाला शून्य. काढून उलटं ठेवलं.

दुकानात ऑरिन दिसला. ओपलने त्याच्या डब्यात कोळंबी मोजून टाकली, एक शब्द नाही. इतर वेळी ती त्याच्याशी अर्धा तास बोलते. दारातल्या दोघांनी त्याला वाट करून दिली आणि त्याच्याकडे न बघता बाजूला झाले. तोही मान खाली घालून गेला. चिठ्ठी काम करतेय. आनंद झाला.

बराचसा झाला.

खरं लिहितो, इथे कोण वाचणार आहे. त्याची पाठ बघितली आणि हाक मारायला तोंड उघडलं होतं. सव्वीस वर्षं, रे. माझी आई गेली तेव्हा हा माणूस तीन दिवस माझ्या घरी बसून होता. काही बोलला नाही, एसी मात्र साफ करून गेला. आणि त्याच माणसाने एका दाताच्या डॉक्टरसाठी मला विकलं? का? एकदा तोंडाने सांगितलं असतं तर मी माफ केलं असतं. कदाचित. पाच गुण दिले असते.

२६ ऑगस्ट, सोमवार
तिसरी फेरी, तोच प्रकार. पाणी उलटं. पाणीसुद्धा फितूर आहे.

फितुरांची यादी करायला घेतली: ऑरिन, कॅलेंडर, घड्याळ, ओपल (थोडी), पाणी. लुरीनचं नाव लिहिलं होतं, खोडलं. आज तिने केळ्यांचा केक केला.

२८ ऑगस्ट, बुधवार
पहिल्या सप्टेंबरचं भाषण तयार. सुरुवात: 'मित्रहो, पाणी वाचता येण्यासाठी विश्वासाची गरज नसते, नाकाची असते.' मग थोडं थांबायचं. ऑरिन आला असेल तर त्याच्याकडे बघायचं. नाव घ्यायचं नाही. मग पाण्याचं शास्त्र. शेवटी सगळ्यांना माफ.

आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी टाळ्या ऐकू आल्या. खाली लुरीन माश्या मारत होती.

३१ ऑगस्ट, शनिवार
उद्या.

सगळं तयार. नवे गळ. पाग टाकून बारा जिवंत बोयटं धरली, पाच मेली, सात पुरेत. मोजपट्टी बोटीला चिकटवली: अठ्ठावीस ते तेहतीस इंचाचा एकच ठेवता येतो, त्याहून लांब नको, आखूडही नको. आपल्याला तिशीतला हवा. साल सोलायची सुरी धारेला लावली, सालासकट शिजवला तर साबण खाल्ल्यासारखा लागतो. इस्त्रीचा शर्ट. कॅलेंडरची उद्याची भरती साडेदहा. पावणेअकराला तोंडाशी, अकराला मासा, साडेअकराला हॉल. एवढं सरळ आहे.

साडेसातला फोन वाजला. उचलायला धावलो, नडगीला स्टूल लागलं. चुकीचा नंबर.

१ सप्टेंबर, रविवार. दुपारी २
पावणेअकराला पोचलो. पाणी आत. साडेअकरा, आत. बारा, आत, पण हळू. साडेबारा, अगदी हळू. पाऊणला पाणी थांबल्यासारखं झालं, बोयटं सगळी मेली, डोक्यावर ऊन आणि पोटात कावळे. बस झालं म्हणालो. गाशा गुंडाळला.

वळलो तर पांढरी बोट येत होती. एक वाजता! आता काय मिळणार याला, म्हटलं. हसूसुद्धा आलं.

हॉलला जायचं. मासा नसला तरी भाषण आहे.

१ सप्टेंबर, संध्याकाळी साडेसात
आम्ही पोचलो तेव्हा पाद्रीसाहेबांच्या शेजारी क्विस्ट बसला होता. तीस इंची स्नूक. एक वीसला लागला म्हणे. मी शांतपणे चौथ्या रांगेतल्या टेबलावर बसलो. ऑरिन दाराजवळच्या टेबलावर एकटा, बाजूच्या पाचही खुर्च्या रिकाम्या. चर्च त्याला हाकलू शकत नाही, एवढंच.

क्विस्ट उभा राहिला. त्याला इथल्या रीती ठाऊक नाहीत. पाणी सांगितलं, वारा सांगितला, आमिष सांगितलं, आणि पुढेही बोलतच राहिला. वाकडा खांब. ऑस्प्रेचं घरटं. चिंचोळी खाडी. सगळ्या हॉलसमोर! कोणाचा तरी काटा खाली पडला. पाद्रीसाहेबांनी त्याची बाही ओढली, त्याला वाटलं शाबासकी देतायत.

मग म्हणाला, "हे सगळं ज्यांनी मला शिकवलं ते इथेच आहेत. मिस्टर पर्व्हिस, उभे राहा ना जरा. यांनी दाढ काढून घेता घेता मला नकाशा काढून दिला. मी तो फ्रेम करून दवाखान्यात लावलाय."

मला वाटतं मी उभा राहिलो होतो. कोणीतरी उभं राहा म्हटलं की माणूस राहतो.

ओपलने विचारलं, कधीची गोष्ट? क्विस्टने तारीखसुद्धा सांगितली, डॉक्टरांच्या वहीत असते. जुलै अकरा. म्हणाला, ऑरिन एसी बघायला आला तेव्हा त्यालाही तो नकाशा मी कौतुकाने दाखवला होता. "तो म्हणाला, डॉक्टर, हे कोणी काढलं ते गावात बोलू नका. मी म्हटलं का, तर म्हणाला, तो बिचारा लाजाळू आहे. पण आज म्हटलं चांगल्या माणसाचं नाव घ्यायलाच हवं."

सगळे माझ्याकडे बघत होते. एक ऑरिन सोडून. तो ताटातल्या मक्याचे दाणे काट्याने एका बाजूला करत होता.

म्हणालो, माझं तोंड बधिर होतं.

मग ओपल उठली, ताट घेऊन दाराजवळच्या टेबलाकडे गेली आणि ऑरिनच्या शेजारी बसली. मग दुसरं कोणी. मग तिसरं. पाच मिनिटांत तिथे खुर्च्या पुरेनात. आमच्या टेबलावर लुरीन आणि मी. लुरीनने माझ्या ताटात सॅलड वाढलं.

भाषण खिशातच राहिलं.

१ सप्टेंबर, रात्री ९
मघाचं लिहून झालं आणि लुरीनला म्हणालो, क्विस्ट खोटं बोलतोय, मी जागेचं नाव घेतलंच नव्हतं, माझ्या रोजनिशीत सगळं आहे, दाखवतो. पानं उलटली. जुलै अकरा. वाचलं. पुन्हा वाचलं.

अक्षर माझंच आहे.

'उत्तर दिशा दाखवली नव्हती.' हे वाक्य तर मी मोठ्याने वाचलं. म्हणजे ऑरिनला २० जुलैपासून सगळं माहीत होतं. मी अंगणात जाऊन त्याच्या तोंडावर बोललो तेव्हाही. चिठ्ठी लावली तेव्हाही. एक शब्द बोलला असता तर गावात मला आयुष्यभर कोणी आपल्या बोटीत घेतलं नसतं. म्हणून नाही बोलला.

मग वेगळंच विचारलं. म्हणालो, ते जाऊ दे, पण पाणी माझ्याशी असं का वागलं? महिनाभर? लुरीनने उठून फ्रिजवरचं कॅलेंडर काढलं आणि उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. मागच्या पानावर बारीक अक्षरांत: या वेळा समुद्राच्या तोंडाच्या आहेत, आतल्या खाडीसाठी त्यात दोन तास पस्तीस मिनिटं मिळवावीत.

पाणी आत पोचायला वेळ लागतो. एवढंच. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, म्हणाली. ऑरिन रोज संध्याकाळी ते मिळवून तुला फोन करायचा.

म्हणालो, मग तू सव्वीस वर्षं बोलली का नाहीस?

म्हणाली, "तू कधी विचारलंस? तू तर सांगत असायचास."

२ सप्टेंबर, सोमवार. दुपारी ३
सकाळी ओपलकडे चिठ्ठी काढायला गेलो. आधीच कोणीतरी काढली होती. फळ्यावर चार टाचण्यांची भोकं. ओपलने कोळंबी मोजून दिली. एक शब्द नाही. मी कोळंबी मागितलीसुद्धा नव्हती.

घरी येऊन हिशेब केला. कॅलेंडरची भरती अकरा वीस. त्यात दोन तास पस्तीस मिनिटं. तीनदा केला, दोनदा वेगळं उत्तर आलं. शेवटी एक पंचावन्न. म्हणजे ऑरिन दीडला आमच्या धक्क्यासमोरून जाणार. निळी गादी घेऊन सव्वाला धक्क्यावर जाऊन बसलो. बूट घालून. काय म्हणायचं ते ठरवलं होतं: चुकलो, ऑरिन. दोनच शब्द. मोठ्याने म्हणून बघितलं, दोनदा.

एक अठ्ठावीसला बोट आली. पुढच्या बाकावर कोणी नव्हतं. फळीवरचा तो फिकट चौकोन इथूनही दिसत होता. मी उभा राहिलो. गादी वर धरली, त्याला दिसावी म्हणून. ऑरिन समोर बघत होता.

धक्क्यासमोर आल्यावर त्याने इंजिन जरासं कमी केलं. मी नीट ऐकलं. लुरीन मागे उभी होती, तिला विचारलं. ती म्हणाली, नाही रे वेंडेल, तसाच गेला.